तळघरात राहायला जाणारं मैदान

अंगणातल्या हिरवळीवर एक वीट ठेवा आणि आठवडाभर तिला हात लावू नका. मग उचलून बघा. खालचं गवत पिवळं, मलूल, आडवं पडलेलं! उजेडच नाही, तर गवत अन्न तयार करणार कसं?

आता विटेऐवजी अख्ख्या फुटबॉल मैदानावर फरशी अंथरली तर? स्पेनमधल्या माद्रिद शहरात सान्तियागो बेर्नाबेऊ स्टेडियमपुढे हाच पेच होता. रेआल माद्रिद या नामांकित क्लबचं हे घर. आज सामना, उद्या गाण्यांचा कार्यक्रम, परवा प्रदर्शन, असं सगळं त्यांना इथेच करायचं होतं. पण गवताचं काय?

स्टेडियम तसं जुनं. १४ डिसेंबर १९४७ रोजी इथे पहिला सामना झाला. ज्या अध्यक्षांनी ते उभारलं, त्यांचं नाव त्याला १९५५मध्ये मिळालं. १९८२च्या विश्वचषकात इटलीने पश्चिम जर्मनीला हरवलं, तेही इथेच. आणि गंमत म्हणजे, एके काळी इथे लाखाहून जास्त प्रेक्षक मावायचे, आता मात्र ऐंशी हजारांच्या आसपास. स्टेडियम आटलं की काय? छे! पूर्वी हजारो लोक उभ्यानेच सामना बघायचे. पुढे प्रत्येकाला खुर्ची द्यायचं ठरलं, आणि बसलेल्या माणसाला जागा जास्त लागते. बसमध्ये बघा ना!

२०१९मध्ये मोठं नूतनीकरण सुरू झालं. बाहेरून चकचकीत पोलादी पट्ट्या आल्या, वर उघडझाप होणारं छप्पर आलं. पण खरी कमाल आहे जमिनीखाली. मैदानाचे लांबीच्या दिशेने सहा तुकडे केलेत. प्रत्येक तुकडा म्हणजे एक अजस्र ट्रे, मातीमुळांसकट. कार्यक्रम आला की ट्रे बाजूला सरकतात आणि एकेक करून खोल तळघरात उतरतात. तिथे ते इडलीपात्रातल्या ताटल्यांसारखे एकावर एक राहतात, मध्ये मोकळी जागा सोडून. त्या जागेत गवतासाठी एलईडी दिवे, पाणी आणि खेळती हवा. बुरशी धरू नये म्हणून अतिनील किरणांचीही सोय आहे. आपल्यापेक्षा थाट भारी!

सामन्याआधी सगळे ट्रे पुन्हा वर. आता जोड अगदी सपाट बसायला हवेत. जरा उंचसखल राहिलं, तर चेंडू भलतीकडेच उडायचा.

गवताचं झालं, पण शेजाऱ्यांचं? रस्त्यापलीकडेच लोकांची घरं आहेत. २०२४मध्ये इथे मोठमोठे संगीत कार्यक्रम झाले आणि रहिवासी दणदणाटाने हैराण झाले. तक्रारी इतक्या वाढल्या, की त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये क्लबला पुढचे कार्यक्रम थांबवावे लागले. सहा तुकड्यांचं मैदान पोटात घेणाऱ्या स्टेडियमला आवाज काही पोटात ठेवता आला नाही!