विश्लेषण : म्हशीच्या दुधाचा हिशेब रेडकाशिवाय पूर्ण होतो का?

फणसवाडीतून भुलेश्वरच्या दिशेने निघाले की काही मिनिटांत पांजरापोळ येतो. थकलेल्या, भाकड जनावरांना भरवस्तीत आसरा देणारी ही संस्था १८३४ मधली. याच परिसरात रोज म्हशीचे दाट दूध घरोघरी पोहोचते, कोजागरीला ते आटवले जाते, दुकानांत खरवस मिळतो. पण दूध आटल्यावर म्हशीचे आणि दूध न देणाऱ्या रेडकाचे पुढे काय होते, हे ग्राहकाला सहसा ठाऊक नसते.

मुंबईत हा प्रश्न कसा निर्माण झाला?

भटकी कुत्री मारण्याच्या आदेशावरून १८३२ मध्ये मुंबईत दंगल झाली. त्यानंतर दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभाई आणि अन्य व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने पांजरापोळ उभा राहिला. शहर वाढले तशी दुधाची मागणीही वाढली आणि तबेले दाटीवाटीने वाढले. ते शहराबाहेर नेण्यासाठी १९४९ मध्ये गोरेगावला आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली. दारा खुरोडी यांच्या या योजनेत सुमारे १६ हजार म्हशींची सोय होती. पुढे पालघर जिल्ह्यातील दापचरीतही असाच प्रकल्प आला.

तबेल्याला ‘कारखानी’ का म्हणायचे?

गावात म्हैस चरते, तिचे शेण शेतात जाते, दूध आटल्यावरही ती दावणीला राहते. शहरी तबेल्यात चारा विकत, जागा महाग आणि उत्पन्न फक्त दुधाचे. म्हैस साधारण दहा महिने दूध देते. त्यानंतर पुढच्या वेतापर्यंत तिला पोसणे परवडत नाही. म्हणून ती विकायची आणि गुजरात किंवा हरयाणातून ताजी व्यालेली म्हैस आणायची, हा जुना रिवाज. विकलेल्या अनेक म्हशींची वाट कत्तलखान्याकडे जाते. एक म्हैस दिवसाला साधारण १५ ते २० किलो शेण टाकते. गावात ते खत ठरते, शहरात नाल्यात गेल्यास प्रदूषण.

रेडे जातात कुठे?

जन्माला येणाऱ्या रेडकांत नर-मादी जवळपास सारखेच असतात. पण २०१९ च्या पशुगणनेनुसार देशातील सुमारे ११ कोटी म्हैसवर्गीय जनावरांत नर एक कोटीहूनही कमी आहेत. २०१२ मध्ये ते सुमारे १.६ कोटी होते. ट्रॅक्टर आल्यावर ओढकामासाठी रेडा लागेनासा झाला. तबेल्यात रेडकू जे दूध पिईल, ते विक्रीतून वजा होते. त्यामुळे अनेक रेडके उपासमारीने दगावतात, तर काही मांसासाठी जातात. ज्या चिकापासून खरवस होतो, तोच रेडकाला रोगप्रतिकारशक्ती देणारा पहिला आहार असतो. रेडकू दगावल्यावर म्हशीने पान्हा सोडावा म्हणून पेंढा भरलेले कातडे तिच्यापुढे ठेवण्याची किंवा ऑक्सिटोसिन टोचण्याची प्रथा त्यातूनच आली.

कायदा काय सांगतो?

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ नुसार ‘फुंका’ किंवा दूध वाढवण्यासाठी जनावराला अपायकारक ठरणारे इंजेक्शन हा गुन्हा आहे. याच फुंक्याची माहिती मिळाल्यावर गांधीजींना दुधाची शिसारी आली होती. १९१९ च्या सुरुवातीला मुंबईत आजारी असताना, गायी-म्हशीचे दूध न घेण्याचे व्रत न मोडता त्यांनी शेळीचे दूध स्वीकारले. महाराष्ट्रात गाय १९७६ च्या कायद्याने आणि बैल व वळू २०१५ च्या दुरुस्तीने संरक्षित झाले. म्हैस आणि रेडकू मात्र सक्षम अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रानंतर कापता येतात. मुंबईला दाट दूध देणारे जनावर या बंदीबाहेरच आहे.

उपाय कोणते?

लिंगनिर्धारित वीर्यमात्रेने सुमारे ९० टक्के मादी रेडके जन्मतात. राष्ट्रीय गोकुळ मिशनमध्ये तिला प्रोत्साहन आहे. त्यामुळे नर रेडकांचा प्रश्न कमी होईल, भाकड म्हशींचा नाही. दुसरा मार्ग म्हणजे भाकड म्हैस गावी पाठवून पुढच्या वेतापर्यंत सांभाळणे. त्यासाठी वाहतूक आणि चाऱ्याचा खर्च येतो. तिसरा, रेडके रीतसर वाढवून मांसासाठी विकणे. यात निदान उपासमार टळते, पण दुधाला पूर्णतः अहिंसक समजणाऱ्यांना हे पचणे कठीण. पांजरापोळासारख्या संस्था दानावर चालतात. एवढ्या मोठ्या व्यवसायाचे ओझे त्यांना पेलणारे नाही.

बोजा कुणी उचलायचा?

तबेलेवाल्यावर खापर फोडणे सोपे आहे. पण लिटरमागे मिळणाऱ्या दरात भाकड म्हैस आणि रेडकू यांच्या पोसण्याचा खर्च धरलेला नसतो. तो धरला तर दूध महागेल, आणि ज्या घरात मुलांना जेमतेम अर्धा लिटर येते तिथे त्याची झळ आधी बसेल. न धरल्यास त्याची किंमत जनावर मोजत राहील. त्यामुळे दूधदर ठरवताना चारा आणि पेंडीच्या जोडीला हा खर्चही मांडला जाणे, ही सुधारणेची पहिली पायरी ठरते.