मंद सोबत्याचा शोध : ग्लीझ २२९ आणि कुरुंदवाडचे शास्त्रज्ञ

नाशिक : दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात बाळ येशूच्या यात्रेनिमित्त नाशिकरोड येथे असंख्य भाविक एकत्र येतात. त्या दिवसांत रात्री आठच्या सुमारास दक्षिणेकडे पाहिले असता मृग नक्षत्र ठळकपणे दिसते. त्याच्या खालच्या बाजूस शशक हा लहानसा तारकासमूह आहे. याच शशकात ग्लीझ २२९ नावाचा एक लाल तारा आहे. तो सुमारे १९ प्रकाशवर्षे दूर असून नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या सोबत्याच्या शोधाशी महाराष्ट्राचे नाते असल्यामुळे त्याची माहिती आम्ही वाचकांसमोर ठेवीत आहोत.

कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे १९५६ साली जन्मलेले डॉ. श्रीनिवास कुलकर्णी यांनी अमेरिकेतील कॅलटेक संस्थेत असताना, सहकाऱ्यांसह, सूर्याच्या शेजारच्या ताऱ्यांभोवती मंद सोबती शोधण्याचे कार्य हाती घेतले. ताऱ्याप्रमाणेच वायूच्या ढगातून जन्मलेल्या, परंतु वस्तुमान अपुरे असल्यामुळे ज्यांच्या गाभ्यात हायड्रोजनचे इंधन स्थिरपणे पेटत नाही, अशा गोलांना तपकिरी खुजे तारे म्हणतात. जन्मानंतर ते हळूहळू थंड होत जातात.

चुलीवरून उतरविलेला तवा काळाच दिसतो; पण हात जवळ नेला की त्याची धग कळते. तपकिरी खुज्या ताऱ्यांचेही तसेच आहे. त्यांची धग अवरक्त किरणांतून बाहेर पडते, म्हणून त्यांचा शोध अवरक्त कॅमेऱ्याने घ्यावा लागतो. तरीही शेजारचा मुख्य तारा हजारो पट तेजस्वी असतो. त्याच्या झगमगाटात सोबती हरवू नये, यासाठी करोनाग्राफ नावाच्या उपकरणातील छोट्या चकतीने मुख्य ताऱ्याचे तेज झाकले जाते.

ऑक्टोबर १९९४ मध्ये पालोमार येथील ६० इंची दुर्बिणीतून ग्लीझ २२९ शेजारी एक अंधुक ठिपका दिसला. तो मागे दूरवर असलेला एखादा तारा तर नव्हे? घाईने घोषणा न करता संशोधकांनी सुमारे एक वर्ष वाट पाहिली. मुख्य तारा आकाशात किंचित सरकला, तेव्हा तो ठिपकाही त्याच्याबरोबर सरकला होता. वर्णपटात मिथेन वायूच्या खुणा आढळल्या. खऱ्या ताऱ्याच्या तप्त वातावरणात मिथेन टिकत नाही. १९९५ साली हा शोध जाहीर झाला.

पुढे या सोबत्याचे वस्तुमान गुरू ग्रहाच्या सुमारे सत्तरपट भरले. एवढ्या वस्तुमानाच्या मानाने तो फारच मंद होता. हे कोडे २०२४ साली उलगडले : तो एक गोल नसून, एकमेकांभोवती सुमारे १२ दिवसांत फिरणारी जोडी होती. त्याच वर्षी डॉ. कुलकर्णी यांना खगोलशास्त्रातील त्यांच्या कार्यासाठी शॉ पारितोषिक मिळाले.

ताऱ्यांच्या वर्णपटांचे वर्गीकरण करण्याचा पाया घालणाऱ्यांत एकोणिसाव्या शतकातील येशूसंघीय धर्मगुरू फादर अँजेलो सेक्की यांचा समावेश होतो. व्हॅटिकन वेधशाळेत आजही येशूसंघीय बांधव संशोधन करतात. निर्मितीचा अभ्यास श्रद्धेला पारखा नाही, हेच यावरून दिसते. विज्ञान ईश्वराचे अस्तित्व मोजीत नाही. परंतु खात्री होईपर्यंत थांबण्याची आणि तीस वर्षांनंतरही जुन्या उत्तराची फेरतपासणी करण्याची सत्यनिष्ठा ते शिकविते. आमच्या धर्मप्रांतातील विद्यार्थ्यांनी हा गुण अवश्य अंगी बाणवावा, असे आम्हांस वाटते.