खांबांवर उभी जमीन

२६ ऑगस्ट २०२२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुस गावी, आमराई वॉर्डात, एक राहतं घर भर वस्तीत जमिनीत गडप झालं. हादरा जाणवताच घरची माणसं बाहेर धावली, म्हणून वाचली. आजूबाजूच्या कुटुंबांना घरं रिकामी करावी लागली. या वस्तीच्या पोटात एक जुनी भूमिगत कोळसा खाण आहे. तिचं काम कित्येक वर्षांपूर्वी थांबलं होतं.

विदर्भात खाणीवर बोलणं निघालं की खुल्या खाणीचे मातीचे डोंगर, धूळ आणि सुरुंगांचे आवाज यांवर वाद होतो. ते दिसतं, ऐकू येतं. भूमिगत खाणीवर मात्र शेती चालू राहते, घरं उठतात, पिढी बदलते आणि खाली काय आहे याची आठवणही पुसली जाते. म्हणून ती खाण चालते कशी, हे आधी समजून घ्यायला हवं.

आपल्याकडच्या बहुतेक भूमिगत खाणींत खांब राखून कोळसा काढतात. उतरत्या बोगद्याने किंवा उभ्या शाफ्टने थरापर्यंत जायचं, थरात आडव्या-उभ्या गॅलऱ्या काढायच्या आणि मधले चौकोन खांब म्हणून सोडायचे. हे खांबच छत पेलतात. खोली वाढेल तसा खांब जाड ठेवावा लागतो, कारण वरचं ओझं वाढतं. ४.८ मीटर रुंदीच्या गॅलऱ्या असतील, तर ६० मीटर खोलीपर्यंत दोन खांबांच्या मध्यबिंदूंमध्ये किमान १९.५ मीटर अंतर ठेवावं, असा नियम आहे. ३६० मीटरच्या पुढे हेच अंतर ४८ मीटर होतं. याचा हिशेब मांडला, तर पहिल्या ठिकाणी सुमारे ४३ टक्के कोळसा निघतो, दुसऱ्या ठिकाणी जेमतेम १९ टक्के. उरलेला सगळा खांबांत अडकलेला.

साहजिकच पुढचा टप्पा येतो तो खांब काढण्याचा, म्हणजे डीपिलरिंगचा. खाणीतलं सगळ्यात जोखमीचं काम हेच. एकेक खांब कापत मागे सरकायचं आणि मागचं छत मुद्दाम पडू द्यायचं. त्या पडक्या पोकळीला खाणकामगार गोफ म्हणतात. पाळी सुरू होताना लॅम्प रूममधून दिवा घेऊन उतरलेला मायनिंग सरदार छत ठोकून पाहतो, सैल दगड पाडून घेतो, हवेतला मिथेन तपासतो. मिथेन १.२५ टक्क्यांवर गेला की माणसं बाहेर काढावी लागतात. ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान तो स्फोटक असतो. एवढं करूनही छत दगा देतं. ६ मार्च २०२५ रोजी मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात, पाथाखेडा भागातल्या छतरपूर-१ खाणीत छत कोसळून ३ जणांचा बळी गेला. आपल्या घरातल्या विजेमागे अशी माणसं आहेत.

खांब काढून छत पाडलं की त्याचा परिणाम वर पोचतो. काढलेल्या थराच्या जाडीच्या निम्म्याहून अधिक इतकी जमीन खचू शकते. भेगा पडतात, विहिरींचं पाणी खाली उतरतं. पोकळी पाण्यासोबत वाळू सोडून भरली, तर खचणं फारच थोडं राहतं. पण वाळू महाग आणि नद्यांची वाळू आधीच ओरबाडलेली. खांब तसेच सोडले तरी धोका संपत नाही. कोळसा हवेने झिजतो, आपोआप तापून पेट घेतो, पाण्याने खांबांचा पाया ढिला होतो. उथळ खाणीवर तर छताचा एक तुकडा सुटला तरी थेट जमिनीला भगदाड पडतं.

जुन्या पोकळ्यांत साचलेलं पाणी किती भयंकर असतं, हे २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या चासनाळा खाणीत देशाने पाहिलं. वरच्या जुन्या कामातलं पाणी खाली घुसलं आणि ३७५ माणसं गेली. खाण बंद होताना तिचा अचूक नकाशा खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे देण्याची सक्ती आहे, ती यासाठीच.

खाण बंद करण्याची रीतसर व्यवस्था मात्र उशिरा आली. राणीगंजला कोळसा निघू लागला १७७४ साली, आणि बंदीचा आराखडा व त्यासाठी वेगळ्या खात्यात पैसे ठेवण्याच्या केंद्र सरकारच्या सूचना आल्या २००९ मध्ये. तेव्हा खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये ठरले, भूमिगत खाणीसाठी १ लाख. वरची जमीन शाबूत राहते, असं या फरकामागचं गृहीत दिसतं. घुग्घुससारख्या गावात ते टिकत नाही. शिवाय ही तरतूद तेव्हा चालू असलेल्या आणि पुढच्या खाणींची. २००९ पूर्वी बंद पडलेल्या खाणींसाठी सूचना निघायला २०२२ उजाडलं.

चांगलं उदाहरण आहे, आणि तेही पाथाखेड्याचंच. तिथल्या पाथाखेडा-१, पाथाखेडा-२ आणि सातपुडा-२ या तीन भूमिगत खाणींना २०२५ मध्ये कोळसा नियंत्रकांकडून अंतिम बंदीचं प्रमाणपत्र मिळालं. २००९ च्या सूचनांनंतर देशात असं प्रमाणपत्र मिळवणाऱ्या या पहिल्या खाणी. त्या नागपुरात मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्स (वेकोलि) या कंपनीच्या आहेत. खाणीचं तोंड पक्कं बुजवणं, यंत्रं काढणं, भेगा भरणं, झाडं लावणं, कामगारांना दुसरीकडे सामावणं अशी कामं अशा बंदीत येतात. खाणीतलं पाणीही उपयोगी पडतं: सावनेरजवळ पाटणसावंगीला वेकोलि ते शुद्ध करून पिण्यासाठी बाटलीत भरते.

पण झाडं आणि पाणी म्हणजे पूर्ण पुनर्वसन नव्हे; प्रश्न वरच्या जमिनीच्या मालकाचाही आहे. कोळसाधारक क्षेत्र कायदा, १९५७ नुसार सरकारला जमिनीऐवजी नुसते खाणकामाचे हक्कही घेता येतात; तसं झालं तिथे वरची जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते. तो ती विकतो, वारसांत वाटतो, त्यावर प्लॉट पडतात. घेणाऱ्याला खालचे खांब दिसत नाहीत. माझी मागणी साधी आहे. चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर जिल्ह्यांतल्या प्रत्येक जुन्या भूमिगत खाणीचा नकाशा गट क्रमांकांवर बसवावा, तो ग्रामपंचायतीत आणि नगरपरिषदेत लावावा आणि ज्या गटाखाली पोकळी आहे त्याच्या सातबाऱ्यावर, इतर हक्कांच्या रकान्यात, तशी नोंद करावी. नकाशे सरकारदरबारी आहेत. या जिल्ह्यांतल्या वाचकांनी येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडावा.