घर न सोडता : रामटेक तालुक्यातील बालसेवेची घडण

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ या कायद्याने ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ ही संज्ञा निश्चित केली असून, ज्याला राहायला घर आणि निर्वाहाचे साधन नाही, ज्याचे आईवडील हयात नाहीत किंवा असूनही सांभाळण्यास असमर्थ आहेत, जे कामाला जुंपले गेले आहे किंवा ज्याचे लग्न वयाआधी लावले जाण्याचा धोका आहे, अशा सर्व मुलांचा तिच्यात समावेश होतो. याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात सोळा तत्त्वे दिलेली आहेत. मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आहे आणि मुलाला संस्थेत ठेवणे हा सर्व मार्ग संपल्यावरचा उपाय आहे, ही त्यांपैकी दोन तत्त्वे ग्रामीण भागाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची होत. मात्र मूल संस्थेत पाठवायचे नसेल, तर ते ज्यांच्या आधाराने वाढणार ती माणसे, त्यांचा वेळ आणि त्यांच्या हाती पडणारा पैसा यांची तजवीज गावातच करावी लागते. ही तजवीज कशी होते आणि कुठे अडते, हे नागपूर जिल्ह्यातील रामटेक तालुक्यात जवळून पाहण्यासारखे आहे.

रामटेकचे नाव गडमंदिर, अंबाळा तलाव आणि खिंडसीच्या जलाशयामुळे सर्वपरिचित आहे; परंतु तालुक्याचे जीवन गडमंदिराच्या टेकडीभोवती संपत नाही. दक्षिणेकडे तलाव आणि कालव्यांवर पोसलेली धानाची शेती आहे, मनसरला मँगनीजची खाण आहे, आणि जबलपूरच्या रस्त्याने उत्तरेला देवलापारकडे जाऊ लागले की पेंचच्या जंगलालगतची, बहुसंख्येने गोंड वस्तीची गावे लागतात. या गावांचे वर्ष कामाच्या हंगामांनी बांधलेले असते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी बाया उजाडण्याआधी जंगलात जातात, मे महिन्यात तेंदूपत्त्याची तोडणी आणि पुडे बांधणे चालते, पावसाळ्यात धानाची रोवणी सुरू झाली की दिवसभर बांधीत वाकून काम करावे लागते, आणि धान निघाल्यावर ज्यांच्याकडे शेती नाही किंवा अपुरी आहे ती कुटुंबे मजुरीच्या शोधात बाहेर पडतात. मुलांवरचे संकट यांपैकी कोणत्या ना कोणत्या हंगामात वाढते, म्हणून वर्षभर एकाच मापाने दिली जाणारी सेवा येथे तोकडी पडते.

या सेवेचे पहिले दार म्हणजे अंगणवाडी. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात सुरू झाली. ग्रामीण भागात साधारणतः ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक आणि आदिवासी भागात ३०० लोकसंख्येपासूनच एक अंगणवाडी असावी, असा तिचा निकष आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तेथे खिचडी, गाणी आणि रंगवलेल्या भिंती दिसतात, परंतु सेविकेच्या कामाचा कणा वजन-उंचीच्या दिवशी दिसतो. दोन वर्षांखालील मुलाची लांबी त्याला आडवे झोपवून मोजायची असते आणि त्यासाठी चार हात लागतात. मदतनीस मुलाचे डोके फळीला टेकवून धरते, सेविका गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करते, आणि मूल रडून अंग आक्रसून घेण्याआधीच आकडा वाचावा लागतो. दोन वर्षांवरील मूल उभे करून मोजले जाते. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील मुलांच्या दंडाचा घेर रंगीत पट्टीने घेतला जातो. तो साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर पट्टी लाल दाखवते, साडेबारापर्यंत पिवळी आणि त्यापुढे हिरवी. लाल पट्टीचा अर्थ तीव्र कुपोषण, म्हणजे साध्या आजारातही मूल दगावण्याचा धोका. हे सगळे २०२१पासून ‘पोषण ट्रॅकर’ या मोबाईलवरील प्रणालीत भरायचे असते, आणि जंगलालगतच्या गावात फोनला रेंज मिळाली नाही की तीच नोंद आधी वहीत करून नंतर पुन्हा फोनमध्ये करावी लागते.

एका महिन्याचे वजन फारसे काही सांगत नाही; सलग तीन-चार महिन्यांची रेघ मात्र घराची अवस्था सांगते. जे मूल नीट वाढत होते त्याचे वजन अचानक थांबले, तर घरात अन्न नाही एवढाच अर्थ काढून चालत नाही. कधी आई दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी गेलेली असते, कधी वडिलांचे दारूपायी घराकडे लक्ष राहिलेले नसते, कधी घरातल्या कोणाला सिकलसेल या रक्तविकाराच्या वेदनांनी अंथरूण धरायला लावलेले असते, कधी आई मजुरीला बाहेरगावी गेलेली असते आणि मूल थकलेल्या आजीच्या स्वाधीन असते. पौष्टिक आहाराचे पाकीट घरपोच दिल्याने यांतले एकही कारण दूर होत नाही. त्यामुळे चांगली सेविका वजनाच्या दिवसानंतर त्या घरी जाते, आणि बालसंरक्षणाचे खरे काम या गृहभेटीपासून सुरू होते, कारण शासनाच्या कोणत्याही खात्याला ते मूल संकटात असल्याचे कळण्याच्या कितीतरी आधी ते तिला कळलेले असते.

या व्यवस्थेत एक मोठी पोकळी आहे. तीन वर्षांखालील मूल अंगणवाडीत बसत नाही. त्याचा आहार घरी पाठवला जातो, आणि मोहफुलांच्या किंवा रोवणीच्या दिवसांत घरी तो शिजवून भरवणारे मोठे माणूस नसते. मग आठ-दहा वर्षांची बहीण शाळा बुडवून धाकट्याला सांभाळते, आणि एकाच कारणाने एका मुलाचे पोषण आणि दुसऱ्याचे शिक्षण अशा दोन्हींचे नुकसान होते. शेजारच्या छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने यावर ‘फुलवारी’ हा मार्ग काढला. फुलवारी म्हणजे गावातल्याच बायांनी चालवलेले, तीन वर्षांखालील मुलांचे दिवसभराचे पाळणाघर, जेथे मुलांना ताजे शिजवलेले अन्न थोडे थोडे आणि वारंवार भरवले जाते. पुढे छत्तीसगड शासनानेही ही कल्पना उचलली. देवलापारच्या पट्ट्यातील गावांना नव्या इमारतीपेक्षा अशा हंगामी पाळणाघरांची निकड अधिक आहे, आणि त्यांच्या वेळा कार्यालयाच्या घड्याळाऐवजी जंगलात जाणाऱ्या बायांच्या वेळेनुसार ठरवाव्या लागतील.

एखाद्या मुलाचे वडील किंवा आई मरण पावते, तेव्हा सेवेचे स्वरूप बदलते आणि कागदांचा प्रवास सुरू होतो. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना ही मुलाला संस्थेत न पाठवता त्याच्या नातेवाइकांकडे किंवा एकट्या पालकाकडे ठेवून दरमहा आर्थिक साहाय्य देणारी योजना आहे. अनाथ, एक पालक असलेली, पालक तुरुंगात किंवा दुर्धर आजाराने ग्रस्त असलेली अठरा वर्षांखालील मुले तिच्यासाठी पात्र ठरतात. अनुदान दीर्घकाळ ४२५ रुपये होते, करोनाच्या काळात, २०२१मध्ये, ते ११०० झाले, आणि २०२३मध्ये योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देऊन २२५० रुपये करण्यात आले. केंद्राच्या मिशन वात्सल्यखालील प्रायोजकत्व योजनेत हीच रक्कम ४००० रुपये आहे, मात्र ग्रामीण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ७२,००० रुपये ठेवलेली आहे.

अर्ज करायचा तर मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी पुरावा, शिधापत्रिका, मुलाचे आणि पालकाचे आधारकार्ड, शाळेचे बोनाफाइड प्रमाणपत्र, बँकेचे पासबुक आणि घरासमोर मुलासह काढलेला पालकाचा फोटो लागतो. त्यानंतर सामाजिक कार्यकर्ता घरी येऊन गृह चौकशी अहवाल लिहितो, म्हणजे घरात कोण राहते, कमाई कशी होते, मूल शाळेत जाते का आणि ज्याच्याकडे ते राहणार तो त्याला खरोखर सांभाळू शकतो का, याची लेखी पडताळणी करतो. प्रकरण जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत बाल कल्याण समितीपुढे जाते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य असलेल्या या समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात आणि महिन्यातून किमान वीस दिवस तिची बैठक व्हावी, असे कायदा सांगतो. यातला एकही टप्पा अनावश्यक नाही, कारण पैसा मुलाच्या नावाचा असतो आणि त्याच्यावर हक्क सांगणारे पुष्कळ असतात. तरीही ज्या घरात कर्ता माणूस नुकताच गेला आहे, त्या घरातल्या आजीला मृत्यूच्या दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रामटेकला आणि समितीसाठी सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या नागपूरला जावे लागते, आणि देवलापारकडच्या गावांना हे अंतर आणखी लांबते. प्रत्येक फेरीत एका दिवसाची मजुरी बुडते. आधारवरचे नाव आणि शाळेतले नाव यांत एका अक्षराचा फरक निघाला तर फेऱ्या वाढतात, आणि याच ठिकाणी बहुतेक कुटुंबे अर्ज अर्धवट टाकून देतात.

या प्रवासात कुटुंबाच्या बाजूने चालणारे माणूस गावातच असावे, हा ग्राम बाल संरक्षण समितीचा हेतू आहे. महाराष्ट्रात या समितीचे अध्यक्ष सरपंच आणि सदस्य सचिव अंगणवाडी सेविका असते. पोलीस पाटील, मुख्याध्यापक, आशा कार्यकर्ती आणि गावातल्या मुलांचे प्रतिनिधी हेही तिच्यात असावेत, अशी अपेक्षा आहे. बालविवाहाच्या बाबतीत ग्रामसेवक हाच गावासाठी प्रतिबंध अधिकारी असतो. अनेक समित्या ठरावाच्या कागदावर सही होण्यापलीकडे जात नाहीत, हे मान्य करावे लागते. ज्या समितीसमोर शाळेत सलग गैरहजर असलेल्या, वजन घटलेल्या, पालक गमावलेल्या आणि कामाला बाहेर गेलेल्या मुलांची नावे ठेवलेली असतात, ती मात्र आपोआप कामाला लागते, कारण नाव समोर आले की ते कोणाच्या तरी वाडीतले, कोणाच्या तरी नात्यातले मूल असते. त्यातच एक धोकाही आहे. अत्याचार करणारा गावातला वजनदार माणूस असेल, तर शेजारधर्म हाच मौनाचे कारण बनतो. म्हणून गावच्या समितीबरोबर गावाबाहेरचे दारही उघडे हवे, आणि १९९६मध्ये मुंबईत चाइल्डलाइनने सुरू केलेला १०९८ हा विनाशुल्क क्रमांक प्रत्येक शाळेच्या भिंतीवर मुलांच्या नजरेच्या उंचीवर लिहिलेला असला पाहिजे.

मूल गावात न ठेवता निवासी शाळेत घालणे हा मार्ग आदिवासी पट्ट्यात सरावाचा झाला आहे. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांनी कित्येक पिढ्यांना अक्षरओळख आणि दोन वेळचे जेवण दिले, आणि जंगलातल्या पाड्यावरच्या मुलासाठी शाळेचा दुसरा मार्ग पुष्कळदा नव्हताच. परंतु सहा-सात वर्षांचे पोरके मूल केवळ घरी जेवणाची सोय नाही म्हणून वसतिगृहात जाते, तेव्हा ती शिक्षणाची निवड राहत नाही. लहान वयातील संस्थाजीवनाची किंमत रुमानियातील बुखारेस्टमध्ये २०००पासून चाललेल्या अभ्यासाने दाखवून दिली आहे. तेथे १३६ लहान मुलांपैकी निम्मी संस्थेतून पालक कुटुंबांकडे देण्यात आली, आणि कुटुंबात गेलेल्या मुलांची बौद्धिक व भावनिक वाढ संस्थेत राहिलेल्यांपेक्षा सरस ठरली. रामटेकच्या गावातले पोरके मूल रुमानियातल्या त्या मुलांहून एका बाबतीत भाग्यवान आहे : त्याच्यासाठी अनोळखी पालक शोधावा लागत नाही, आजी, मामा किंवा मोठी काकू बहुधा तयारच असते, आणि कमी पडतो तो केवळ त्यांचा पैसा आणि त्यांना मिळणारा आधार.

गावातल्या सामान्य स्त्रीच्या हाती मुलांची सेवा सोपवण्याची परंपरा महाराष्ट्रात नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम नेले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात आणि गुरांमागच्या कुरणात नेली. विदर्भातच गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले, आणि बालमृत्यू किती कमी होऊ शकतात हे १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून जगापुढे ठेवले. या दोन्ही कामांत गावातल्या स्त्रीला शिकवले गेले, तिच्यावर विश्वास ठेवला गेला आणि तिच्या पाठीशी कोणीतरी सतत उभे राहिले. आजच्या सेविकेच्या वाट्याला कामे आली, पाठबळ मात्र त्या प्रमाणात आले नाही. महाराष्ट्रातील सेविकांनी डिसेंबर २०२३पासून दीर्घ संप केला आणि २०२४मध्ये सेविकेचे मानधन १३,००० आणि मदतनिसाचे ७,५०० रुपये झाले. तरीही ते मानधनच आहे, वेतन नव्हे, आणि बालसंरक्षणाच्या गृहभेटींसाठी तिला स्वतंत्र वेळ दिलेला नाही.

तालुक्याच्या पातळीवर करता येण्याजोगी एक गोष्ट अशी की, बाल कल्याण समितीने ठरलेल्या दिवशी रामटेक आणि देवलापार येथे येऊन प्रकरणे ऐकावीत, आणि त्याच दिवशी तेथे उत्पन्नाचे दाखले व आधारची दुरुस्ती करून देणारे कर्मचारीही बसवावेत; त्यासाठी कायद्यात बदल करावा लागत नाही. दुसरी गोष्ट मात्र कायद्याच्या पातळीवरची आहे. बालगृहातून अठरा वर्षे पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या तरुणाला बाल न्याय कायद्याच्या ४६व्या कलमानुसार अनुरक्षणाचे, म्हणजे स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंतचे, साहाय्य मिळू शकते. आजीच्या घरी बालसंगोपनाच्या पैशावर वाढलेल्या मुलीचे अनुदान मात्र अठराव्या वाढदिवसाला थांबते आणि हे कलम तिला लागू होत नाही. जी मुले संस्थेत न जाता गावातच वाढली, म्हणजे कायद्याने जे हवे म्हटले तेच ज्यांच्या घराने केले, त्यांना बारावीनंतरची दोन-तीन वर्षे हाच आधार मिळण्यासाठी या कलमात दुरुस्ती व्हायला हवी, आणि ती होईपर्यंत राज्याने बालसंगोपनाची मुदत स्वतःच्या निधीतून एकविसाव्या वर्षापर्यंत वाढवावी.