मालविकाचा डावा हात

उत्तर प्रदेशाच्या राजधानीत, लखनौला, जानेवारी २०२२ मध्ये नागपूरची बॅडमिंटनपटू मालविका बनसोड सय्यद मोदी स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचली. पी. व्ही. सिंधूने तिला २१-१३, २१-१६ असे हरवले. त्याच महिन्यात दिल्लीत इंडिया ओपनमध्ये मालविकाने सायना नेहवालला २१-१७, २१-९ असे ३४ मिनिटांत नमवले होते.

तेव्हापासून चाहत्यांत वाद रंगतो: दुखापतींनी बेजार झालेल्या सायनावरचा तो विजय कितीसा मोठा? उत्तर सप्टेंबर २०२४ च्या चायना ओपनमध्ये मिळाले. पॅरिस ऑलिंपिकची कांस्यपदक विजेती ग्रेगोरिया तुनजुंग पहिल्याच फेरीत २६-२४, २१-१९ अशी गारद झाली. मालविका उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली, तिथे अकाने यामागुचीने तिला रोखले.

डावपेचांचा मुद्दा अधिक रंजक. उजव्या हाताच्या खेळाडूला प्रतिस्पर्ध्याच्या बॅकहँडकडे शटल ढकलायची सवय असते. डावखुऱ्या मालविकापुढे तेच शटल फोरहँडवर येते आणि तिथून तिचा तिरका फटका थेट समोरच्याच्या बॅकहँडवर जातो. पण केवळ डाव्या हाताच्या जोरावर पहिल्या दहांतल्या खेळाडू हरत नाहीत. लांब रॅलीत टिकण्याची तिची चिकाटी हे खरे भांडवल आहे, आणि म्हणूनच जून २०२५ मध्ये इंडोनेशिया ओपनमध्ये तिचा गुडघा दुखावला, ते फार जिव्हारी लागले.