पट्टा कोणत्या खांद्यावरून उतरतो?

या आठवड्यात सोला हॅटवर लिहायचं ठरलं होतं. ती पुढच्या हप्त्यावर ढकलतो, कारण मध्येच राहुरीच्या एका शिक्षिकाबाईंचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न हॅटपेक्षा खोल जाणारा निघाला. त्यांच्या शाळेतल्या मुलांच्या टायवरचे तिरके पट्टे एका बाजूला उतरतात आणि अमेरिकन चित्रपटांतल्या वकिलांच्या टायवरचे नेमके उलट्या बाजूला. यात चुकतंय कोण, असं त्या विचारतात. चुकत कुणीच नाही. ब्रिटिश रिवाजाचा पट्टा टाय बांधणाऱ्याच्या डाव्या खांद्याकडून उजव्या कुशीकडे उतरतो, अमेरिकन पट्टा उजव्या खांद्याकडून डावीकडे. एवढ्याशा तिरकेपणावर अख्खा हप्ता खर्चायला कारण आहे. इंग्रज टापटिपीचा आणि अमेरिकन ढगळ, हा आपल्याकडे रुजलेला समज या पट्ट्यापाशी अडखळतो. टाय दोघंही बांधतात, गाठ तीच, रेशीम तेच. फरक पडतो तो कपड्याला काय विचारलं जातं यात. ब्रिटनमध्ये कपडा विचारतो, ‘तू कुणापैकी?’ अमेरिकेत विचारतो, ‘तुला आवडला का? मग घे.’

पट्टेदार टायचा जन्मच मुळी ‘कुणापैकी’ या प्रश्नातून झाला. १८८० मध्ये ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजातल्या नावाड्यांनी आपल्या गवती हॅटांवरच्या रंगीत फिती सोडून गळ्यात बांधल्या आणि मग त्याच रंगांच्या टाय शिवून घेतल्या, अशी तिची कथा सांगतात. पुढे शाळा, पलटणी, क्रिकेटचे क्लब अशा सगळ्यांनी आपापले रंग ठरवले. ज्या शाळेत शिकलो नाही तिची टाय बांधणं म्हणजे दुसऱ्याच दिंडीची पताका खांद्यावर घेऊन मिरवणं. ही सवय टायपुरती नाही. लंडनला राजवाड्यापुढे उभ्या राहणाऱ्या लाल कोटातल्या पहारेकऱ्यांची बटणं पाहा. ग्रेनेडियर पलटणीची बटणं एकेक सुटी, कोल्डस्ट्रीमची दोन-दोनच्या जोड्यांनी, स्कॉट्सची तीन-तीन, आयरिशची चार-चार, वेल्शची पाच-पाच. अनोळखी माणसाला सगळे सारखेच दिसतात. जाणकाराला मात्र नाव न विचारता पलटण कळते. ब्रिटिश कपड्यातली अर्धी भाषा अशी माहीतगारांपुरती असते.

अमेरिकेनं हीच वस्तू उचलली आणि तिचा प्रश्न बदलला. न्यूयॉर्कची ब्रूक्स ब्रदर्स ही १८१८ पासूनची पेढी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिनं ब्रिटिश पलटणींसारख्या पट्ट्यांच्या टाय विकायला काढल्या, पण पट्टे उलट फिरवून. म्हणजे रुबाब पलटणीचा, दावा मात्र कोणत्याच पलटणीचा नाही. दाम मोजेल त्याची टाय. याच पेढीनं इंग्लंडमधल्या पोलो खेळाडूंच्या कॉलरी पाहिल्या. घोडा दौडताना कॉलर तोंडावर फडफडू नये म्हणून ते तिची टोकं बटणांनी बांधत. इंग्रजांसाठी ती मैदानावरची सोय होती. अमेरिकेत १८९६ च्या सुमारास तीच कॉलर दुकानात आली आणि यथावकाश कचेरीतल्या कारकुनाच्याही गळ्याशी बसली. टायची आजची शिवणसुद्धा अमेरिकन आहे. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फनं कापड तिरकं कापून तीन तुकड्यांत टाय शिवायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्यामुळे ती पिळवटत नाही आणि कारखान्यात एकसारखी निघते. इंग्रजानं टायला अर्थ दिला, अमेरिकनानं तिला गिऱ्हाईक दिलं.

आता नगरकडे वळू. हे दोन्ही साहेब एकाच शहरात शंभराहून अधिक वर्षं शेजारी राहिले. नगरचा किल्ला वेलस्लीनं १८०३ मध्ये घेतला. पुढे भिंगारला लागून छावणी वसली. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आलं. यावर आक्षेप येईल की रस्त्यानं जाताना दोघं सारखेच दिसत असणार: डोक्यावर तसलीच सोला हॅट, अंगावर तसलंच सुती ड्रिल. आक्षेप रास्त आहे, कारण दख्खनचं ऊन माणसाचं मूळ गाव विचारत नाही. पण दिसणं सारखं असलं तरी वाचणं सारखं नव्हतं. छावणीतल्या माणसाच्या खांद्यावर आणि छातीवर त्याची पलटण न् हुद्दा लिहिलेला असे. मिशनवाल्याच्या कोटावर तसलं काही वाचायला नव्हतं. मिशनचे अभियंते डी. सी. चर्चिल यांनी नगरमध्ये हातमाग सुधारायचं काम हाती घेतलं, ते कापड अधिक झपाट्यानं विणलं जावं म्हणून. एका माणसावरून देश ठरत नाही, पण कपडा कुणाचा यापेक्षा तो किती जणांपर्यंत पोचेल ही तळमळ अमेरिकन खरीच. उलट छावणीचा वारसा आजही नगरच्या बाजारात डोक्यावर फिरतो. १९४८ पासून इथे आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूल आहे आणि रणगाडा दलाची ओळख म्हणजे काळी बेरे. ब्रिटिश रॉयल टँक कोरनं ती १९२४ मध्ये स्वीकारली. काळ्यावर तेल-वंगणाचे डाग दिसत नाहीत आणि कड नसल्यानं रणगाड्याच्या चिंचोळ्या पोटात ती अडत नाही. सुरुवात सोयीची, पण लवकरच ती सोय राहिली नाही, खूण झाली.

दुसरा आक्षेप जास्त कठीण आहे. ब्रूक्सनं पट्टे मुद्दाम फिरवले नाहीत, कापताना कापड पालथं पडलं म्हणून ते फिरले, असंही सांगतात. अपघातातून स्वभाव कसा काढायचा? मला वाटतं, अपघात झाला असेल तर उत्तमच. अपघात कुणाच्याही हातून होतो. स्वभाव दिसतो तो नंतर काय केलं यात. लंडनच्या क्लबात उलट्या पट्ट्यांचा गठ्ठा आला असता तर तो शिंप्याकडे परत गेला असता. न्यूयॉर्कला तो विकला गेला, आणि पुढेही तसाच विकला जात राहिला. तिसरा आक्षेप असा की हार्वर्ड, प्रिन्स्टनलाही रंग आहेत, निशाणं आहेत. आहेतच. पण ती निशाणं ज्या स्वेटशर्टवर छापतात तो विद्यार्थी, त्याचे आईबाप, वाटेवरचा पर्यटक असा कुणीही घेतो आणि कुणाला गैर वाटत नाही. नगरच्या कापड बाजारातही अमेरिकन विद्यापीठांच्या नावाचे टी-शर्ट टांगलेले असतात. घेणाऱ्याला प्रवेशपत्र विचारायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. आता इंग्रजही जीन्सच घालतो, मग फरक उरला कुठे, असंही कुणी म्हणेल. रस्त्यावर तो पुसट झालाय खरा, शाळेत नाही. ब्रिटनमधल्या बहुतेक शाळांत आजही गणवेश आहे. अमेरिकेतल्या बहुतेक सरकारी शाळांत तो नाही.

या मोजपट्टीनं आपल्या इंग्रजी शाळांची टाय मोजली तर ती दोघांचीही निघते. गाठ आधीच बांधलेली, मागे इलॅस्टिक, गळ्यात अडकवली की झालं, वय वाढलं की पुढचं माप. हा तयार मालाचा हिशेब थेट अमेरिकन आहे. त्यामुळे पट्टा कोणत्या खांद्यावरून उतरावा हे मुख्याध्यापक ठरवत नाहीत, माल पुरवणारा ठरवतो; राहुरीच्या बाईंनी शेजारच्या दोन-चार शाळा पाहिल्या तर दोन्ही दिशा सापडाव्यात. तिचा उपयोग मात्र पक्का ब्रिटिश आहे. शाळा बदलली की जुनी टाय, भले ती नवीकोरी असो, दुसऱ्या दिवसापासून चालत नाही आणि पालकांना नवी घ्यावीच लागते.