आधी ओळख, मग इशारा

जानेवारी १९५८ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका बाईंचे पत्र त्यांच्या लेखिका मैत्रिणीच्या हाती पडले. डास मारण्यासाठी विमानातून डीडीटी फवारले गेले आणि त्यानंतर आपल्या आवारातले पक्षी मरून पडले, असे त्यात लिहिले होते. ही मैत्रीण म्हणजे रेचल कार्सन. पुढे सप्टेंबर १९६२ मध्ये त्यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. निसर्गावरच्या एका पुस्तकाने सरकारी धोरण आणि आरोग्याविषयीची समज बदलल्याचे इतके ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

त्या काळात डीडीटीची ख्याती जीव वाचवणारे रसायन अशी होती. दुसऱ्या महायुद्धात टायफस आणि मलेरिया रोखायला त्याची मोठी मदत झाली. त्याचा कीटकनाशक गुण शोधणारे पॉल म्युलर यांना १९४८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. मग हेच रसायन शेतात, जंगलात, वस्त्यांवर सढळ हाताने वापरले जाऊ लागले. माणसाला लगेच काही होत नाही, म्हणजे ते निर्धोक, असा समज रूढ झाला.

हा समज का चुकीचा, हे कार्सन यांनी एका तलावाच्या उदाहरणातून दाखवले. कॅलिफोर्नियातील क्लिअर लेक येथे चिलटांचा उपद्रव होता. १९४९ मध्ये तिथे डीडीटीचे भावंड असलेले डीडीडी हे रसायन सोडण्यात आले. प्रमाण होते पाण्याच्या सात कोटी भागांना एक भाग. पुढे १९५४ आणि १९५७ मध्ये थोड्या वाढीव मात्रेने हाच प्रयोग पुन्हा झाला. त्यानंतर तलावावरचे ग्रीब जातीचे पाणपक्षी मरू लागले. आपल्याकडच्या टिबुकलीचे हे नातेवाईक.

तपासणीत पाण्यातील सूक्ष्म प्लवकांमध्ये हे रसायन दहा लाखांत ५ भाग आढळले. वनस्पती खाणाऱ्या माशांत ते ४० ते ३०० भाग होते. मासे खाणाऱ्या ग्रीबच्या चरबीत ते १,६०० भागांपर्यंत पोहोचले होते. कारण सरळ आहे. हे रसायन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत विरघळते. त्यामुळे ते लघवीवाटे सहज बाहेर पडत नाही, शरीरात साठत राहते. लहान मासा अनेक प्लवके खातो, मोठा मासा अनेक लहान मासे खातो आणि प्रत्येक पायरीवर साठा वाढत जातो. माणूस या शिडीच्या वरच्या टोकाला बसलेला आहे. डीडीटी आईच्या दुधातही सापडले, ते याच कारणाने.

आजार लपवून पूर्ण केलेले काम

पुस्तकाचे काम सुरू असताना, १९६० मध्ये कार्सन यांच्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली. गाठ कर्करोगाची होती, पण शल्यचिकित्सकांनी त्यांना तसे स्पष्ट सांगितले नाही. रुग्णापासून, त्यातही स्त्री रुग्णापासून, असे निदान लपवण्याची तेव्हा पद्धतच होती. आजार पसरल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस दुसऱ्या डॉक्टरांकडून त्यांना सत्य कळले. मग त्यांनी स्वतःच तो जगापासून लपवला. आजारी बाई रसायनांवर राग काढते आहे, असे म्हणायला विरोधकांना जागा द्यायची नव्हती.

रसायन उद्योगाने पुस्तकावर कडाडून टीका केली. मात्र मे १९६३ मध्ये अमेरिकी अध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार समितीने कार्सन यांच्या मुख्य मुद्द्यांना दुजोरा दिला. १४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अमेरिकेने डीडीटीच्या शेतीतील वापरावर बंदी घातली ती १९७२ मध्ये.

कार्सन यांनी सर्व कीटकनाशके बंद करा असे म्हटले नव्हते. अंदाधुंद वापराने कीटकांत प्रतिकारशक्ती येईल आणि रोगनियंत्रणाचे हत्यारच बोथट होईल, असा त्यांचा इशारा होता. २००१ च्या स्टॉकहोम करारानेही मलेरियासारख्या रोगांच्या नियंत्रणासाठी डीडीटीला मर्यादित मुभा ठेवली आहे. कर्करोगाबाबतचा पुरावा मात्र हळूहळू जमा झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये डीडीटीला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले.

लोकांनी विश्वास का ठेवला?

कार्सन मुळात सागरी जीवशास्त्रज्ञ. १९४१ पासून त्यांनी समुद्रावर तीन पुस्तके लिहिली होती आणि त्यांतले १९५१ चे ‘द सी अराउंड अस’ प्रचंड खपले होते. लाटा, खेकडे, स्थलांतर करणारे पक्षी यांची ओळख ज्यांनी करून दिली, त्यांनी धोक्याची घंटा वाजवली तेव्हा वाचकांनी कान दिला. मुलांबाबतही त्यांचे म्हणणे असेच होते. भाचीच्या लहानग्या मुलाला त्या मेनच्या किनाऱ्यावर आणि जंगलात फिरवत. त्या अनुभवावरचा त्यांचा १९५६ चा लेख निधनानंतर ‘द सेन्स ऑफ वंडर’ या पुस्तकाच्या रूपात आला. मुलांना आधी कुतूहल वाटू द्यावे, माहिती मागाहून येते, असे त्यात सुचवले आहे.

पालकांनी हे लक्षात घ्यायला हवे. सहा वर्षांच्या मुलाच्या हाती वितळणाऱ्या हिमनद्यांचे पुस्तक दिले तर त्याला भीती वाटेल, पण तो त्यावर काही करू शकणार नाही. त्यापेक्षा मुंगी, साळुंकी, पावसाळी बेडूक अशा दारात भेटणाऱ्या जिवांची चित्रमय पुस्तके आधी द्यावीत. थोडे मोठे झाल्यावर वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’, पुढे मारुती चितमपल्ली यांचे ‘रानवाटा’, दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ ही आपली मराठी शिदोरी आहेच.

मोठ्यांनी मात्र अस्वस्थ करणारी पुस्तकेही वाचावीत. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे आपल्याकडची गिधाडे जवळजवळ संपली आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. रसायन कुठे जाते आणि कुणाला भोवते, हा क्लिअर लेकचा प्रश्न आपल्याही अंगणात आहे.

असे पुस्तक निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. धोका सांगताना मात्रा सांगितली आहे का, पुराव्याचा आधार दिला आहे का आणि शेवटी एखादे औषध किंवा यंत्र गळ्यात मारले जात नाही ना. मुलांच्या पुस्तकाची कसोटी त्याहून सोपी आहे. वाचून झाल्यावर मूल ते चित्रातले पाखरू शोधायला बाहेर पडले, तर निवड योग्य झाली.